पेन्शनमधला हक्काचा पैसा कुठं अडकतो? जाणकारांनी लिहा

शिक्षक, एसटी, तहसील, पोस्ट, कोणतंही खातं चालेल. रामकहाणी नको. नियम काय, कागद कोणता आणि घोडं कुठं अडतं तेवढं सांगा.

निवृत्त वरिष्ठ सहायक, पंचायत समिती, दारव्हा :
आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी सर्रास 1 जुलै जन्मतारीख टाकली. महिन्याच्या 1 तारखेचा जन्म असला की निवृत्ती आदल्या दिवशी, म्हणजे 30 जूनला. वेतनवाढ मात्र 1 जुलैची. एका दिवसानं वर्षाची वाढ गेली, अन् तिच्यावरची पेन्शनही. सर्वोच्च न्यायालयानं 11 एप्रिल 2023 ला निकाल दिला की वर्षभर सेवा करून कमावलेली ती वाढ नाकारता येत नाही. अर्ज शेवटच्या कार्यालयात द्या. सोबत पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि सेवापुस्तिकेतलं शेवटच्या वेतनवाढीचं पान. कोर्टात न गेलेल्यांना वाढीव पेन्शन 1 मे 2023 पासूनच मिळते. त्याआधीच्या थकबाकीसाठी उगाच खेटे घालू नका.

एसटी, लेखा शाखा, आर्वी :
आमची पेन्शन ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेची. "58 ला घेऊ नका, 60 पर्यंत थांबा, वर्षाला 4 टक्के जास्त" असं कोणी म्हटलं तर आधी हिशेब करा. 3,000 ची पेन्शन दोन वर्षं सोडली तर 72,000 गेले. वाढ महिन्याला 245 च्या आसपास. फिटायला 24 वर्षांच्या वर! 58 लाच घ्या, भाऊ.
खरा फायदा सेवेच्या वर्षांत आहे. 20 वर्षं भरली तर 2 वर्षं वरून धरतात. आधी सूतगिरणीत नोकरी असेल आणि तिथला पीएफ न काढता पडून असेल, तर 13 नंबरचा फॉर्म भरून ती सेवा जोडून घ्या, तेही 10-डी (पेन्शन मागणीचा फॉर्म) भरायच्या आधी. नाहीतर 18-19 वर्षांवरच गाडी थांबते.
हयातीचा दाखला ईपीएसवाल्यांना कोणत्याही महिन्यात देता येतो, पुढं 12 महिने चालतो. नोव्हेंबरच्या रांगेत उभं राहायचं कामच नाही.

कोषागारातला माजी लेखापाल, वाशीम :
केंद्राच्या पेन्शनरला 80 पूर्ण झाले की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा, 85 ला 30. पेन्शनर गेल्यावर घरच्यांना मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनालाही हेच लागू. अडतं ते बायांच्या बाबतीत. पीपीओत काकूंच्या नावापुढं जन्मतारखेचा रकाना कोरा, नाहीतर नुसतं "वय 52". तारीख नाही तर संगणक वाढ लावत नाही, अन् काकूंना कोणी विचारतही नाही. काकाजी हयात असतानाच दोघांनी मिळून अर्ज देऊन तारीख चढवून घ्यावी. आधार, पॅन आणि पीपीओत नावाचं स्पेलिंग एकच पाहिजे.
विकलेली पेन्शन (एकरकमी पैसे घेऊन सोडलेला भाग) 15 वर्षांनी पूर्ववत होते. त्या महिन्याचं पासबुक तपासा.

निवृत्त पोस्टमास्तर, मूल :
ज्येष्ठ नागरिक बचत योजना 60 नंतरच, असं सगळे समजतात. 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यालाही खातं उघडता येतं, फक्त निवृत्तीची रक्कम हाती आल्यापासून 3 महिन्यांत. कार्यालयाचं पत्र लागतं : कोणती रक्कम, किती, कधी दिली. जेवढी मिळाली तेवढीच भरता येते, कमाल मर्यादा 30 लाख. 8.2 टक्क्यांनी 10 लाखांवर तिमाहीला 20,500. हे व्याज खात्यात तसंच पडू दिलं तर त्यावर छदामही मिळत नाही. बचत खात्यात वळवायचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या.