मदत हवी आहे: जीटी३ घ्यायची आहे, शुक्रवारच्या आत सांगा

रानवाट
नमस्कार. पाल्हाळ न लावता विचारतो. पोर्शे ९११ जीटी३ घेतोय, वापरलेली. दोन गाड्या पाहून आलो. एक लाल, मॅन्युअल. दुसरी पांढरी, पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), त्यातल्या त्यात नवी. दोघांनी मागितलेली किंमत जवळपास सारखीच. लाल गाडीवाल्याने शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो. कुठली घेऊ? पुढे किंमत टिकायला हवी. आणि लाल गाडी उभी असताना मागून खडखड येते, ते चालतं का? जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

चाकोरी
कुठल्या सालाच्या? जीटी३ हे नाव १९९९ पासून आहे. ९९६, ९९७, ९९१, ९९२, प्रत्येक पिढीचं दुखणं वेगळं. रनिंग किती, मालक किती, तुम्ही कुठल्या देशात? खडखड क्लच दाबल्यावर थांबते की चालूच राहते? एवढं कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

नऊहजार
पांढरी घ्या, डोळे मिटून. पीडीके म्हणजे ती बहुधा ९९१ असणार. ३.८ लिटर, ४७५ पीएस, ९००० आरपीएमची लालरेषा (इंजिन फिरण्याची कमाल मर्यादा), मागची चाकंही वळतात. माझ्याकडे चार वर्षं आहे. बोगद्यात काच खाली करून तिसऱ्या गिअरमध्ये एकदा ९००० पर्यंत नेली की बाकी कशाची आठवण राहत नाही. शिवाय पीडीकेमध्ये चुकून खालचा गिअर पडून इंजिनाची वाट लागत नाही. गिअरबॉक्स स्वतःच नकार देतो.

जुनं लोखंड
डोळे मिटून काही घेऊ नका. ९९१ मध्ये मेट्झगर इंजिन नाही, एवढं एकच कारण मला पुरतं. पोर्शेचे इंजिनिअर हान्स मेट्झगर यांनी ९१७ या रेसगाडीचं बारा सिलिंडरचं इंजिन केलं, १९८४ ते ८६ फॉर्म्युला वनमध्ये मॅक्लारेनला जिंकून देणारं टर्बो इंजिन केलं. १९९८ ला ल मांची शर्यत जिंकलेल्या ९११ जीटी१ चा इंजिनब्लॉक ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातला ९९६ आणि ९९७ च्या जीटी३ मध्ये आहे. रेसच्या इंजिनाला नंबरप्लेट लावून रस्त्यावर आणलं, दुसरं काय! ९९१ पासून ती परंपरा थांबली. संग्राहक पैसे मोजतात ते त्यासाठीच. लाल घ्या.

नऊहजार
परंपरा ठीक आहे, पण ९९१ चं इंजिन काही कमी प्रतीचं नाही.

जुनं लोखंड
मग २०१४ च्या सुरुवातीला दोन गाड्या पेटल्या आणि तोवर दिलेल्या सगळ्या ७८५ गाड्यांची इंजिनं कंपनीने बदलून दिली, ते का? कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होत होते.

नऊहजार
बरोबर, आणि कंपनीने अख्खी इंजिनं बदलली, मलमपट्टी केली नाही. नंतर काही इंजिनांत फिंगर फॉलोअर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे छोटे भाग, झिजायला लागले, तर इंजिनाची वॉरंटी दहा वर्षांपर्यंत वाढवली. यापेक्षा जबाबदारीने कोण वागतं?

चाकोरी
ती दहा वर्षं पहिल्या नोंदणीपासूनची. २०१४ ची गाडी असेल तर संपली. रानवाट, पांढरीचं साल सांगा. आणि इंजिन बदललं असेल तर नव्या इंजिनाचा नंबर कागदांत नोंदलेला आहे का ते बघा. कंपनीने बदललेलं, नोंद असलेलं इंजिन असेल तर किंमत फारशी पडत नाही. नोंद नसेल तर पुढच्या गिऱ्हाइकापुढे तुम्हीच गप्प बसाल.

उबदार गॅरेज
हिवाळ्यात गाडी उभी करणार असाल तर बॅटरीला चार्जर जोडून ठेवा, टायरमध्ये थोडी जास्त हवा भरा, टाकी पूर्ण भरा. दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करण्याची सवय मात्र अजिबात नको. इंजिन पूर्ण तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. एक तर नीट तासभर चालवा, नाही तर वसंतापर्यंत हात लावू नका. जर्मनीत असाल तर ठरावीक महिन्यांपुरती हंगामी नंबरप्लेटही मिळते, टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा.

रानवाट
हिवाळ्याचं मी विचारलंच नव्हतं, तरी आभार. हो, जर्मनीतच आहे. लाल: ९९७.२ (९९७ ची दुसरी आवृत्ती), २०१० ची, ६४,००० किमी, तिसरा मालक, क्लबस्पोर्ट (ट्रॅकसाठीचं पॅकेज). पांढरी: २०१४, ३८,००० किमी, एकच मालक, इंजिनाचं विचारलं नाही. खडखड क्लच सोडल्यावर येते, दाबला की थांबते. आता सांगा.

चाकोरी
आता बोलता येईल. क्लच दाबल्यावर थांबणारी खडखड म्हणजे बहुधा गिअरबॉक्समधल्या दात्यांची. जीटी३ ला दोन भागांचं फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) असतं, ते हा आवाज बराच गिळतं. आरएसला, म्हणजे जीटी३ च्या जास्त रेसिंगी आवृत्तीला, एकाच भागाचं हलकं फ्लायव्हील, त्यामुळे ती उभ्या जागी डब्यात बोल्ट टाकून हलवल्यासारखी वाजते. तुमची जीटी३ तशी वाजत असेल तर क्लच बदलताना कोणी आरएसचं फ्लायव्हील बसवलं का, हे विचारा. बसवलं असेल तर दोष नाही, पण मूळ पार्ट कुठे आहे ते महत्त्वाचं.

आणि क्लबस्पोर्ट हे शेवटी का सांगितलंत? सीटमागे बोल्टने बसवलेला पिंजरा, सहा पट्ट्यांचा बेल्ट, अग्निशामक, हे सगळं गाडीबरोबर येतंय का? की कोणी काढून वेगळं विकलं? संग्राहकाच्या नजरेला सर्वांत आधी तेच दिसतं.

पाणीदार
लालसाठी एकच प्रश्न. कूलंटचे पाइप पिन केले आहेत का? मेट्झगर इंजिनावर पाइपांची तोंडं ॲल्युमिनियमच्या घरात नुसती चिकटवलेली असतात. वर्षानुवर्षं तापून गोंद मरतो आणि एक दिवस पाइप निसटतो. कूलंट थेट मागच्या टायरखाली. मी मागच्या गाडीत उजव्या वळणावर हे भोगलंय, गाडी दोनदा फिरली, नशिबाने रस्ता रिकामा होता. स्क्रू मारून पिन करा किंवा वेल्ड करा, पण करा. इंजिन उतरवावं लागतं, म्हणून लोक टाळतात.

जुनं लोखंड
हे मान्य. पिन केलेल्या पाइपांचं बिल असेल तर ती गाडी समजदार माणसाकडे होती असं धरायला हरकत नाही.

सायलीचा बाबा
माझ्या मते दोन्ही सोडा, थोडे पैसे घालून ९११ आर बघा. एकूण ९९१ नगच केले, २०१६ मध्ये, मागे पंख नाही, मॅन्युअल, ५०० पीएस. आकडा कमी तर किंमत चढीच.

चाकोरी
"थोडे" पैसे नाहीत ते. आणि आरची गोष्टच उलट शिकवते. आली तेव्हा ९११ च्या जीटी गाड्यांत पीडीके नसलेली ती एकटी होती, म्हणून सट्टेबाजांनी भाव भलताच वर नेला. २०१७ मध्ये कंपनीने नव्या जीटी३ ला मॅन्युअल परत दिला, पाठोपाठ पंख नसलेलं टूरिंग पॅकेज आणलं, आणि आरचा भाव शिखरावरून खाली आला. नगांचा आकडा तोच होता. तीच चव नव्या गाडीत मिळायला लागली, एवढंच बदललं. ९९७ च्या बाबतीत हे होणं अवघड. हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि ते इंजिन नव्या गाडीत परत येणार नाही.

नऊहजार
म्हणजे तुम्हीही लालच्या बाजूने. पण व्यवहार बघा. २०१४ ची गाडी १११ मुद्द्यांच्या तपासणीत पास झाली तर पंधरा वर्षांची होईपर्यंत पोर्शे अप्रूव्हड वॉरंटी मिळू शकते. २०१० च्या गाडीचं वय त्यापलीकडे गेलं. उद्या लालचं इंजिन गेलं तर खिसा कोणाचा?

चाकोरी
हा मुद्दा खरा आहे आणि तो खोडण्यासारखा नाही. म्हणूनच विचारतो: रानवाट, लालचा ओव्हररेव्ह रिपोर्ट, म्हणजे इंजिन मर्यादेपलीकडे किती फिरलं याची नोंद, कुठे आहे?

रानवाट
विकणारा म्हणाला त्याची गरज नाही, सर्व्हिस बुक पूर्ण आहे.

जुनं लोखंड
तर मग उठून चालू लागा. मी लाल गाडीचा एवढा कैवारी, तरी सांगतो. मॅन्युअल जीटी३ रिपोर्ट पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. पाचवा टाकायला गेले आणि तिसरा पडला, की चाकं इंजिनाला लालरेषेच्या पार ओढून नेतात. लिमिटर तिथे काही करू शकत नाही. सर्व्हिस बुकात हे कोणी लिहीत नाही, इंजिनाचा कॉम्प्युटर लिहितो. विकणाऱ्याला सांगा, तपासणीचे पैसे मी देतो, रिपोर्ट नाही तर व्यवहार नाही.

रानवाट
बोललो. कुरकुर केली, पण आज दुपारी पोर्शे सेंटरला नेऊन काढला. कागद हातात आहे, अर्थ लागत नाही. सहा रांगा आहेत. पहिली ८,४१२. दुसरी १,१३७. तिसरी ९६. चौथी ०. पाचवी १२, पुढे २१४ तास. सहावी ०. एकूण तास १,१२०. पाचवी बघून पोटात गोळा आला. नाही म्हणू का?

चाकोरी
थांबा, आधी आकडे समजून घ्या. रांग जितकी पुढची, तितकं इंजिन जास्त वेगात फिरलेलं; आणि हे आकडे म्हणजे त्या वेगात पडलेल्या ठिणग्या. सहा सिलिंडर, एका फेऱ्यात तीन ठिणग्या. ९००० आरपीएमला सेकंदाला ४५० होतात. पहिल्या रांगेतल्या ८,४१२ म्हणजे लालरेषेजवळ जेमतेम १९ सेकंद, ६४,००० किलोमीटरमध्ये. पाचवीतल्या १२ म्हणजे क्रँकचे चार फेरे, सेकंदाचा तिसावा-चाळिसावा भाग. चौथीत शून्य असताना पाचवीत १२, याचंही कोडं मेकॅनिकला विचारा. पण महत्त्वाचा आकडा २१४ हा आहे. जे झालं ते २१४ व्या तासाला झालं, त्यानंतर इंजिन ९०६ तास चाललं. व्हॉल्व्ह वाकायचा असता तर केव्हाच वाकला असता.

आणखी एक. ६४,००० भागिले १,१२० म्हणजे ताशी सरासरी ५७ किमी. अंतर आणि तास जुळतात, मीटर मागे फिरवल्याचं दिसत नाही.

जुनं लोखंड
सहमत. मी घेतली असती. मात्र सहाही सिलिंडरांची लीकडाउन टेस्ट (हवा भरून गळती बघायची) करा, म्हणजे त्या १२ ठिणग्यांचा विषय संपला. आणि हा कागद फाइलला लावा. पुढे विकाल तेव्हा ही पाचवी रांग स्वतःहून दाखवा.

नऊहजार
आकडे चांगले आहेत, मान्य करतो. तरी पांढरीच्या इंजिनाचं विचारून घ्याच. आणि वर्षाला किती चालवणार हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

रानवाट
तीन-चार हजार किलोमीटर. उभी करून ठेवायला घेत नाहीये, बाबांना पहिल्या दिवशी शेजारी बसवून डोंगरात न्यायचंय. पिंजरा आणि बेल्ट गाडीबरोबर आहेत. फ्लायव्हील आरएसचंच निघालं, मूळचं त्याच्या तळघरात आहे, देतो म्हणाला. पांढरीवाल्याचा इंजिनाबद्दल अजून निरोप नाही. लालला गुरुवारी सकाळी आठला लिफ्टवर चढवतोय, लीकडाउन तिथेच होईल.

पाणीदार
आणि पाइप?

रानवाट
बिल सापडत नाही म्हणतो.

पाणीदार
मग लिफ्टवर असताना टॉर्च घेऊन स्वतः बघा. पाइप जिथे घरात शिरतो त्या कडेला छोट्या स्क्रूचं डोकं दिसलं तर पिन केलेत. गुलाबी-पांढरा सुकलेला डाग दिसला तर गळायला लागलंय. दोन्ही बाजूंचे फोटो इथे टाका. काही नसेल तर इंजिन उतरवण्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या, आणि ते काम होईपर्यंत बाबांना डोंगरात नेऊ नका.

रानवाट
टाकतो. गुरुवारी दुपारपर्यंत.