छोट्या संस्थेने गंगाजळी किती ठेवावी?

प्रश्न (विश्वस्त, यवतमाळ जिल्हा):
आमचा नोंदणीकृत न्यास शाळकरी मुलींचे वसतिगृह चालवतो. काटकसरीमुळे मुदत ठेवी वाढत गेल्या, आणि आता ताळेबंद पाहणारे देणगीदार विचारतात की एवढी शिल्लक असताना पुन्हा वर्गणी कशासाठी. काही विश्वस्तांच्या मते प्राप्तिकराच्या 85 टक्क्यांच्या नियमामुळे ती खर्च करणेच भाग आहे. हे बरोबर आहे काय?

उत्तर (सनदी लेखापाल, अमरावती):
नाही. करसवलतीसाठी 85 टक्के रक्कम न्यासाच्या कामी खर्च करण्याची अट त्या त्या वर्षाच्या उत्पन्नाला लागते, साठलेल्या शिलकेला नव्हे. ठेवींवरील व्याज मात्र त्या वर्षाचे उत्पन्न ठरते. उरलेले 15 टक्के मुदतीविना राखता येतात. त्याहून अधिक राखायचे असल्यास नेमका हेतू नमूद करून प्राप्तिकराचा विहित नमुना वेळेत भरावा लागतो आणि ती रक्कम पाच वर्षांत त्याच कामी लावावी लागते. कायम निधीची, म्हणजे मुद्दल राखून ठेवण्यासाठी दिलेली देणगी वेगळी. त्यासाठी देणगीदाराचे तसे लेखी पत्र हवे.

उत्तर (माजी कोषाध्यक्ष, वर्धा जिल्हा):
कायद्याचे झाले, पण आकडा आपल्याच जमाखर्चातून काढावा लागतो. आपल्याकडे वर्गणी कापूस-सोयाबीन विकल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर येते, आणि शाळा उघडताना, जूनच्या अखेरीस, धान्य, वह्या, गाद्या असा मोठा खर्च एकदम अंगावर येतो. म्हणून वार्षिक सरासरीपेक्षा जून ते ऑक्टोबर या महिन्यांचा खर्च पाहावा, आणि त्यावर एक नापिकीचे वर्ष निभेल एवढी भर घालावी, कारण बोंडअळीने किंवा अतिवृष्टीने पीक गेले की वर्गणी आटते आणि नेमक्या त्याच वर्षी वसतिगृहात प्रवेश मागणाऱ्या मुली वाढतात. धान्यरूपाने आलेली तूर-ज्वारीही किंमत लावून हिशेबात घ्या. आमच्याकडे बरीच वर्षे कोणी ती मोजतच नव्हते. देणगीदारांपुढे एकच मोठा आकडा न ठेवता कायम निधी, इमारत निधी आणि मोकळी शिल्लक अशी फोड दाखवावी. मोकळी शिल्लक किती थोडी असते, हे बहुतेकांना तेव्हाच कळते.

उत्तर (न्यासाचे सचिव, अकोला जिल्हा):
ठेवी कुठे आहेत, हेही पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 35 नुसार न्यासाचा पैसा अनुसूचित (रिझर्व्ह बँकेच्या यादीतील) बँक, टपाल बचत बँक किंवा शासनमान्य सहकारी बँकेत ठेवता येतो. पतसंस्थेचे व्याज कितीही आकर्षक असले तरी तिथे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीविना ठेवू नये. बँकेतील ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतील ठेवीला तो नसतो.

प्रश्नकर्ता:
आमची एक ठेव तालुक्याच्या पतसंस्थेतच आहे. मुदत मार्चमध्ये संपते, तेव्हा काढून घेण्याचा ठराव पुढच्या सभेत मांडतो.