लस पुण्यात बनते, मग जिनिव्हा आणि कोपनहेगनचं काम काय?

प्रश्न – जीएनएम दुसरं वर्ष
नर्सिंगच्या पुस्तकात ‘जागतिक आरोग्य संघटना (मुख्यालय जिनिव्हा) मार्गदर्शन करते, युनिसेफ पुरवठा करते, ‘गावी’ (लसींसाठीची जागतिक आघाडी) निधी देते’ असं एका ओळीत उरकलंय. लस इथे बनते, परवाना आपलं सरकार देतं. मग या संस्था नेमकं काय करतात? आणि लसीच्या कुपीवरच्या त्या रंग बदलणाऱ्या चौकोनाशी त्यांचा काय संबंध?

सप्लायवाला
खरी ताकद खरेदीच्या अटीत आहे. युनिसेफचा पुरवठा विभाग कोपनहेगनला आहे. गरीब देशांसाठी तिथून लस घेतली जाते ती जागतिक आरोग्य संघटनेने प्रीक्वालिफाय केलेलीच, म्हणजे आधी तपासून पात्र ठरवलेलीच. हे 1987 पासून चालू आहे. त्यासाठी आधी त्या देशाचा औषध नियंत्रक सक्षम असल्याचं संघटनेने मान्य केलेलं असावं लागतं. मग कंपनीची कागदपत्रं, वेगवेगळ्या लॉटच्या (एका वेळी बनलेल्या साठ्यांच्या) नमुन्यांची तपासणी आणि कारखान्याची पाहणी. मान्यता ठरावीक कारखान्याच्या ठरावीक पॅकिंगला मिळते. पाच डोसच्या कुपीला मिळाली म्हणून दहा डोसची आपोआप पात्र ठरत नाही. ‘गावी’ 2000 सालची. ती पैसे देते, पण देशालाही वाटा उचलायला लावते आणि उत्पन्न वाढेल तसा तो वाढवते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, नाहीतर निधी आटला की लसीकरणही थांबतं.

साथरोग_अभ्यासक
पुण्याचंच उदाहरण घ्या. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ‘ए’ गटाच्या मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाचा दाह) साथी यायच्या. श्रीमंत देशांत गिऱ्हाईक नाही, म्हणून मोठ्या कंपन्यांना रस नव्हता. 2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही आरोग्यातली ना-नफा संस्था यांनी त्यावरच्या लसीचा प्रकल्प सुरू केला. आफ्रिकी देशांना काय परवडेल ते आधी विचारलं, डोसला 50 सेंटच्या आत अशी किंमत ठरवली आणि मग उत्पादक शोधला: पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. डिसेंबर 2010 मध्ये बुर्किना फासोत मोहीम सुरू झाली. पुढे याच लसीला 40 अंशांपर्यंत, जास्तीत जास्त चार दिवस, बर्फाशिवाय नेण्याची मुभा मिळाली. बर्फच नाही अशा गावांत याने मोठा फरक पडतो.

प्रश्न – जीएनएम दुसरं वर्ष
आणि तो चौकोन? तो फिका असेल तर लस चांगली, असंच ना?

कोल्डचेन_हँडलर
नाही ताई, इथेच घोटाळा होतो. तो चौकोन म्हणजे व्हीव्हीएम (व्हॅक्सीन व्हायल मॉनिटर), तो फक्त उष्णता मोजतो. 1996 पासून तो आधी पोलिओच्या थेंबांवर आला, कारण युनिसेफने खरेदीतच तशी अट घातली. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरा. रंग एकसारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर बाद. चौकोन गडद व्हायला लागलेली कुपी आधी संपवायची, तिची एक्सपायरी नंतरची असली तरी. एक्सपायरी उलटली असेल तर मात्र चौकोन कितीही फिका असो, वापरायची नाही.

पण लस गोठली तर चौकोन काहीच सांगत नाही. पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्प), हिपॅटायटिस बी यांत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. गोठल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि लसीची ताकद जाते. बहुतेक वेळा चूक आइसपॅकची असते: फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात. पॅक बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज आला की मगच भरा. आयएलआरमध्ये (लस साठवायचा खास फ्रिज) या लसी वरच्या बास्केटमध्ये, तळाशी कधीच नाहीत.

लस गोठल्याचा संशय आला तर शेक टेस्ट, म्हणजे कुपी हलवून बघायची चाचणी. त्याच कंपनीची, त्याच लॉटची एक कुपी मुद्दाम रात्रभर उणे 20 अंशांवर गोठवा आणि तिच्यावर ‘वापरू नये’ असं लिहा. ती आपोआप वितळू द्या, गरम करू नका. मग दोन्ही कुप्या एकत्र हलवून सपाट जागी ठेवा आणि अर्धा तास बघा. संशयित कुपीतला गाळ गोठवलेलीइतक्याच किंवा जास्त वेगाने खाली बसला तर ती बाद. कुपी दगडासारखी गोठलेलीच सापडली तर टेस्टची गरज नाही, सरळ बाद करा.

सप्लायवाला
एक भर. आयपीव्हीला (पोलिओचं इंजेक्शन) शेक टेस्ट चालत नाही, तिच्यात तो क्षार नसतो आणि गाळही बसत नाही. गोठल्याचा संशय असेल तर बाजूला काढून वरिष्ठांना कळवा. आणि व्हीव्हीएम कुठे चिकटवलाय तेही बघा: एमआर (गोवर-रुबेला), बीसीजी (क्षयरोग) यांसारख्या पावडरच्या लसींवर तो टोपणावर किंवा ॲम्प्यूलच्या (मान मोडून उघडायच्या काचेच्या कुपीच्या) मानेवर असतो, म्हणजे उघडताच निघून जातो. त्या आपल्याकडे मिसळल्यापासून चार तासांत फेकायच्या, दुसऱ्या दिवशी वापरायच्या नाहीत.