प्रतिसाद: कच्छी चांदीचा दुधाचा जग मोडीत द्यावा का?

मोडीत अजिबात देऊ नका! तळाला चालत्या सिंहाचा इंग्लिश शिक्का नाही म्हणून ठाण्यातले सराफ तुमच्या जगाला 'हलकी चांदी' म्हणाले, पण तो शिक्का इंग्लंडात तपासलेल्या मालावरचा. भुजच्या कारागिरांचा त्याच्याशी काय संबंध? कच्छच्या दरबाराचे एकेकाळचे चांदीकार उमरसी मावजी (Oomersi Mawji) यांच्या कामावर रोमन लिपीत 'ओ. एम. भुज' एवढंच असतं. अर्थात तो शिक्काही कोणी नंतर ठोकू शकतं, त्यामुळे काम बघा.

राळेवर ठेवून छिन्नीने उठवलेल्या नक्षीचे खळगे बहुधा आतून बोटाला लागतात. वेलींमधल्या जागेत बारीक ठिपके टोचलेले असतात, ते भिंगातून मोजता येतील इतके सुटे हवेत. ओतीव नकलेत ते बुजतात. फोटोतली नागाची मूठ मात्र झकास आहे!

'प्रदर्शनासाठी घडवलेला' हे तुमच्या आजोबांचं म्हणणं कागदाशिवाय धरू नका. 1878 च्या पॅरिस आणि 1886 च्या लंडन प्रदर्शनात भारतीय चांदी झळकली हे खरं, पण साहेबांच्या चहाच्या टेबलासाठीही असे जग भरपूर बनले.

आणि टूथपेस्टने घासू नका. खळग्यातला काळेपणा गेला की नक्षी सपाट दिसते, किंमतही उतरते.