हातचा नेमका कुठं सुटतो? गणित शिकवणाऱ्यांचा अनुभव धागा

"लेकरांना गणित येत नाही" हे वाक्य मराठवाड्यातल्या स्टाफरूममध्ये रोज ऐकू येतं, पण त्यातून काहीच कळत नाही. उदाहरणाच्या कितव्या पायरीवर अडतं, तिथं मूल काय लिहितं आणि तेच का लिहितं, एवढंच या धाग्यात लिहावं. आपला प्रवास, पुरस्कार, शाळेचा निकाल नको. पहिलीपासून एम.एस्सी.पर्यंत कुठल्याही इयत्तेचं चालेल. नावाऐवजी इयत्ता आणि भाग लिहिला तरी पुरे.

पहिली-दुसरी, देगलूर तालुका

मराठीत एककाचं नाव आधी आणि दशकाचं नंतर येतं. पंचवीस ऐकलं की कानावर पाच आधी पडतो, म्हणून मूल ५२ लिहितं. छत्तीसचे ६३ होतात तेही यामुळंच. या चुकीला "उलटं लिहितो" म्हणून खोडरबर लावण्यात अर्थ नाही, त्यानं ऐकलं तसंच लिहिलंय. दुसरी अडचण 'एकोण'ची. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मूल त्यात 'एक' आणि 'तीस' ऐकतं आणि ३१ किंवा ३९ लिहितं. एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो आणि शेवटी नव्याण्णवला मोडतो.

दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद पेटला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचा मुद्दा उलट्या क्रमाचा आणि जोडाक्षरांचा होता. सीमेवरच्या शाळेत तो लगेच पटतो. घरी तेलुगू बोलणारं लेकरू 'इरवै ओकटी', कन्नड बोलणारं 'इप्पत्तोंदु' म्हणतं, म्हणजे वीस आधी, एक नंतर. त्यांच्या डोक्यात क्रम सरळच असतो, मराठीत आला की उलटतो.

वर्गात हे चालतं: संख्या सांगितली की लगेच लिहायला लावायचं नाही. आधी विचारायचं, "कोणाच्या घरातली?" विसाच्या की तिसाच्या? मूल दशकाचा अंक लिहितं, मग एकक. 'एकोण'च्या आठ संख्यांना वेगळा दिवस द्यायचा. तीस काड्या मोजून एक काढून घ्यायची आणि उरलेल्यांना नाव विचारायचं.

तिसरी-चौथी, द्विशिक्षकी शाळा, सेलूकडचा भाग

४०२ − १७८ हे उदाहरण फळ्यावर टाका. चुकीची उत्तरं दोनच प्रकारची येतात.

३७६ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय: ४ आणि १ चे ३, ७ आणि ० चे ७, ८ आणि २ चे ६. त्याला "मोठ्यातून लहान जातं" हे आपणच पहिलीत शिकवलेलं असतं. २३४ आलं, तर हातचा माहीत आहे, पण दशकाच्या शून्याचे दहा केले आणि त्यातला एक एककाला दिल्यावर तिथं ९ उरले हे नोंदवलं नाही. पहिल्याला हातच्याची कल्पनाच नाही, दुसऱ्याला फक्त एक टप्पा कमी पडतोय. दोघांना एकाच बाकावर बसवून सारखीच पन्नास उदाहरणं देणं म्हणजे वेळेचा नाश.

साहित्य विकत आणायची गरज नाही. तुराट्यांच्या बारीक फांद्यांचे बोटभर तुकडे घ्या. दहा काड्यांची जुडी, दहा जुड्यांचा भारा. एका गटाला तीनशे काड्या पुरतात, म्हणून काड्यांवर २०२ − ७८ करायचं. दोन सुट्या काड्यांतून आठ जात नाहीत. जुडी एकही नाही. मग भारा सोडावा लागतो, त्याच्या दहा जुड्या होतात, त्यातली एक जुडी सोडली की नऊ राहतात. जुडीला लावलेलं रबर मुलानंच काढायचं, शिक्षकानं नाही. ९ कुठून आला हे बोटांना कळलं की वहीत लिहिता येतं. एकेक पायरी काडीवर आणि वहीत एकाच वेळी झाली पाहिजे. आधी काड्या आणि आठवड्यानं वही असं केलं तर दोन्हींचा सांधा बसत नाही.

एक शिक्षक दोन वर्ग सांभाळत असेल तर सरावासाठी कापरेकरांचा ६१७४ उत्तम. देवळालीच्या या शिक्षकाचं गणित असं: सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येतंच. आलं नाही तर वजाबाकी चुकली, शिक्षकानं तपासायची गरजच नाही. शिवाय प्रत्येक टप्प्याच्या उत्तरातल्या अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ यायला हवी. मोठ्यातून लहान वजा करणाऱ्याचं पहिलं उत्तर ३११३ येतं, बेरीज ८, म्हणजे तिथंच पकडला. उत्तर तीन अंकी आलं तर पुढं शून्य लिहून चार अंक करायचे. ते विसरलं की गाडी भलतीकडं जाते.

चौथी, भागाकारावर एवढंच

८१६ ÷ ८ चं उत्तर १२ लिहितात. दशकातला १ आठने जात नाही, तिथं भागाकारात ० लिहायचा राहतो. भागण्याआधी उत्तर किती अंकी येईल ते ठिपक्यांनी मांडून घ्या: ८ शतकांना ८ ने भाग जातो, म्हणजे तीन ठिपके. एक ठिपका रिकामा राहिला की मूल स्वतःच थांबतं.

पाचवी ते सातवी, हिंगोली जिल्हा

अपूर्णांक शिकवायला भाकरी आणू नका. सगळ्यांना फार आवडते, पण गोल भाकरीचे तीन सारखे भाग शिक्षकालाही करता येत नाहीत, आणि दोन भाकरी कधीच एका मापाच्या नसतात. चौकटीच्या वहीतली १२ घरांची पट्टी कापा. अर्धा म्हणजे ६ घरं, एक तृतीयांश म्हणजे ४ घरं, मिळून १२ पैकी १०. आता १/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्याला २/५ पट्टीवर दाखवायला सांगा. पाच घरंसुद्धा भरत नाहीत. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्यापेक्षा कमी झालं, हे त्याला दिसलं की छेद सारखा का करायचा ते सांगावं लागत नाही.

आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे तयार अपूर्णांक आहेत, ते वापरावेत. सवायकी, पाऊणकी (सव्वाचे, पाऊणचे जुने पाढे) पाठ करून घ्यावी असं नाही, पण ३६ ची सवाई म्हणजे ३६ मध्ये त्याचा पाव मिळवायचा, ४५. पाऊण म्हणजे पाव काढायचा, २७. हे जमलं तर सातवीत २५ टक्के वाढ-घट वेगळी शिकवावी लागत नाही. गोंधळ होतो तो पावणेतीन (२.७५) आणि सव्वाशे (१२५) यांत. सव्वाशेचा पाव हा शंभराचा पाव आहे, एकाचा नाही. त्यामुळं शंभरावर सव्वा म्हणून १०१.२५ लिहिणारी मुलं असतात.

दशांशात ०.३५ हा ०.५ पेक्षा मोठा वाटतो, कारण ते 'पॉइंट पस्तीस' वाचतात. 'शून्य पूर्णांक तीन पाच' असंच वाचायला लावा. पैशांचं उदाहरण इथं उलट नडतं: साडेतीन रुपये आपण ३.५० लिहितो आणि मूल ३.५ ला तीन रुपये पाच पैसे समजतं. त्यापेक्षा दूध डेअरीची पावती चांगली. फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.५. दराचा एक पॉइंट म्हणजे ०.१ हे घरात सगळ्यांना माहीत असतं. ३.५ वरून ४.० ला जायला किती पॉइंट? पाच. ३.९ च्या पुढं ३.१० म्हणणारं मूल इथं चटकन सुधारतं.

सहावी-सातवी, पैठणकडून

उणे संख्येला तापमानाचं उदाहरण पुस्तकात असतं. इकडं पारा उण्यात गेलेला कोणी पाहिलेला नाही, पण जायकवाडी उण्यात गेलेलं सगळ्यांनी वाचलंय. धरणाचा उपयुक्त साठा २१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर), मृतसाठा ७३८, एकूण २९०९. टक्केवारी उपयुक्त साठ्यावर काढतात. समजा धरणात एकूण ६५१ दलघमी पाणी आहे. ६५१ − ७३८ = उणे ८७. ८७ भागिले २१७१, म्हणजे उणे ४ टक्के. 'धरण उणे' म्हणजे धरण कोरडं नाही, शून्याची खूण तळाच्या वर आहे. शून्य कुठं धरायचा हे आपण ठरवतो, ही गोष्ट संख्यारेषेवर कितीही सांगा, शिरत नाही.

मग प्रश्न: उणे ४ वरून ११ टक्क्यांवर आलं, किती वाढलं? निम्मा वर्ग ७ म्हणतो. ११ − (−४) = १५. दोन उणे मिळून अधिक कसं होतं, याचं पाठांतर करून घेण्याआधी हे विचारावं. १५ टक्के म्हणजे २१७१ च्या हिशोबानं सुमारे ३२६ दलघमी पाणी आलं.

मापाची एककं बदलायला लातूरची पाण्याची रेल्वे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली ती १० वाघिणींची, ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींच्या गाड्या आल्या, २५ लाख लिटर. १ घनमीटर म्हणजे हजार लिटर, १ दलघमी म्हणजे दहा लाख घनमीटर, म्हणजे शंभर कोटी लिटर. एक दलघमी पाणी आणायला ५० वाघिणींच्या किती खेपा? ४००. शून्यं मोजताना निम्मी मुलं घसरतात. 'लाख' आणि 'कोटी' शब्दांतच भागाकार करायला सांगा: १०,००० लाख भागिले २५ लाख.

ऊसतोडीच्या गावांसाठी, बीड जिल्हा

दिवाळीच्या आसपास गेलेलं लेकरू गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं. त्याला चालू धड्यात बसवू नका आणि पहिल्या धड्यापासून सुरूही करू नका. आठ उदाहरणांची चिठ्ठी द्या, पंधरा मिनिटं: शून्य असलेली वजाबाकी, दोन अंकी गुणाकार, भागाकारात शून्य येणारं एक, छेद वेगळे असलेली बेरीज, दशांशांची तुलना, अशी. पहिलं जिथं चुकलं तिथून सुरुवात. फडावर राहिलेल्या मुलांचा तोंडी हिशोब बहुधा पक्का असतो. त्यांना मांडणी येत नसते, म्हणून तोंडी उत्तर आधी घ्या, मग तेच कागदावर उतरवायला सांगा.

व्याजाचंही इथंच लिहितो. गावात 'दोन रुपये शेकडा' म्हणजे महिन्याला. पुस्तकात द.सा.द.शे., म्हणजे वर्षाला. १०,००० रुपये, दोन रुपये शेकडा, १८ महिने: व्याज ३६००. सूत्रात दर २ आणि मुदत दीड वर्ष टाकली की ३०० येतात. दर २४ धरला तर जुळतं. बाराचा हा फरक आठवीच्या आत कळायलाच हवा.

दहावी, गणित भाग २, धाराशिव

'बाकोबा' (बाजू-कोन-बाजू) कसोटी घोकतात आणि कोन दोन बाजूंच्या मधला नसला तरी लावतात. 'का नाही चालत' हे कंपासनं दोन मिनिटांत दिसतं: रेख अब ८ सेमी, अ पाशी ३० अंशांचा किरण, ब मधून ५ सेमी त्रिज्येचा कंस. कंस किरणाला दोन ठिकाणी छेदतो. तीच मापं आणि त्रिकोण दोन. म्हणून बाबाको नावाची कसोटी नाही.

महत्त्वमापनात शंकूछेद असतो आणि वर्गात बादलीच्या पुढं कोणी जात नाही. शेततळं घ्या. वर ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१. तळ २७ चा नाही, २४ चा: उतार दोन्हीकडून ३-३ मीटर आत येतो. सर्वाधिक चुकतं ते इथंच. घनफळ = उंची ÷ ३ × (वरचं क्षेत्र + तळाचं क्षेत्र + दोन्हींच्या गुणाकाराचं वर्गमूळ). ९०० + ५७६ + ७२० = २१९६, उंची ३ म्हणून तेवढेच घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर. तळ २७ धरला तर २४३९ येतात. २ लाख ४३ हजार लिटर पाणी कागदावरच वाढलं. हुशार मुलांना विचारा, दोन क्षेत्रांची सरासरी काढून तिनं गुणलं तर? २२१४. फरक १८ चाच आहे, पण तो का आहे यावर एक तास सहज जातो.

अकरावी-बारावी, लातूर

मराठी माध्यमातून आलेल्यांचं गणित कच्चं नसतं, इंग्रजी वाक्याचा क्रम नडतो. '८ मधून ३ वजा करा' हे लिहिण्याच्याच क्रमानं आहे. 'सबट्रॅक्ट थ्री फ्रॉम एट' मध्ये तीन आधी येतो आणि पोरं ३ − ८ मांडतात. दुसरं 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट'. तीन नाणी: किमान दोन छापे ४/८, जास्तीत जास्त दोन ७/८, बरोबर दोन ३/८. तिन्हीला ३/८ लिहिणारा संभाव्यतेत नाही, शब्दांत चुकतोय. जूनमध्येच अशा चाळीसेक शब्दांची वही करून घ्यावी.

सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं. म्हणजे प्रश्नाला १०८ सेकंद. उणे गुण नाहीत, तरी रिकाम्या जागा सोडून येणारे दरवर्षी असतात. १० प्रश्न अकरावीचे असतात आणि बारावीच्या धांदलीत तेच विसरतात. इथल्या रोजच्या टेस्टचा बोलबाला फार, पण चुका त्याच दिवशी तीन रकान्यांत मांडल्या नाहीत (माहीत नव्हतं, वाचायला चुकलं, आकडेमोड चुकली) तर टेस्ट म्हणजे नुसता कागद.

बी.एस्सी.-एम.एस्सी., नांदेड

वरच्या प्रतिसादाशी अर्धाच सहमत. शब्दवही पुरते ती बारावीपर्यंत. पुढं 'प्रत्येक' आणि 'असा एक' यांचा क्रमच गणित असतो. 'प्रत्येक गावाला एक पाटील असतो' आणि 'एक पाटील असा आहे, जो प्रत्येक गावाचा आहे' यांतला फरक कोणालाही कळतो. सीमेच्या (लिमिटच्या) व्याख्येत एप्सिलॉन, म्हणजे उत्तरात चालणारा फरक, आधी दिला जातो; डेल्टा, म्हणजे त्यासाठी क्षला किती जवळ ठेवायचं ते, त्याच्यानंतर शोधायचा. विद्यार्थी डेल्टा आधी ठरवून बसतात.

क्षचा वर्ग, क्ष २ कडे जाताना ४ कडे जातो, हे सिद्ध करताना |क्ष − २| × |क्ष + २| इथपर्यंत सगळे येतात. मग डेल्टा = एप्सिलॉन ÷ |क्ष + २| लिहितात. डेल्टात क्ष चालत नाही, कारण क्ष डेल्टानंतर येतो. आधी डेल्टा १ पेक्षा मोठा नाही असं ठरवा. मग क्ष १ आणि ३ च्या मध्ये, म्हणून |क्ष + २| हा ५ पेक्षा कमी. आता १ आणि एप्सिलॉन ÷ ५ यांतला लहान तो डेल्टा. हे सगळं कच्च्या कागदावर उलट्या दिशेनं शोधायचं आणि पक्क्या वहीत सरळ दिशेनं लिहायचं. पुस्तकात फक्त सरळ दिशा छापलेली असते, म्हणून डेल्टा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. फळ्याचे उभे दोन भाग करा, डावीकडं कच्चं, उजवीकडं पक्कं, आणि तास संपेपर्यंत डावा भाग पुसू नका.

पुन्हा देगलूर

राहिलंच. इंग्रजी अंक सुरू झाले की देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा आणि ४ हा आठसारखा वाचला जातो. पहिले दोन-तीन आठवडे एका उदाहरणात दोन्ही लिप्यांचे अंक येऊ देऊ नका, फळ्यावरची तारीखसुद्धा त्याच अंकांत लिहा.