आजोबांच्या डबीतलं फार्दिंग: तेव्हा त्याची किंमत किती होती?

सागर_दापोली
आईचे वडील लढाईच्या काळात गोऱ्यांच्या बोटीवर आगवाले होते. त्यांच्या तपकिरीच्या डबीत एक बारकं तांब्याचं नाणं निघालं. एका बाजूला शेपटी उभारलेली चिमणी, वर १९४४ आणि खाली 'फार्दिंग'. तेव्हा याचं मोल किती होतं? मामा म्हणतो, आता लाखभर मिळतील.

नाणीवाले_काका
मामांना चहा पाजा आणि लाख विसरायला सांगा. १९४४ची फार्दिंग कोट्यवधींनी पाडलीत, लंडनच्या नाणेबाजारात ढिगाने मिळतात.

ती चिमणी नव्हे, रेन. इंग्लंडातल्या सगळ्यात लहान पाखरांपैकी एक, म्हणून सगळ्यात लहान नाण्यावर. १९३७ साली आली. त्याआधी तिथे ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, बसलेली असायची. आणि तांबं नाही, ब्राँझ आहे.

फार्दिंग म्हणजे पाव पेनी. तेव्हा पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे ९६० फार्दिंग. पूर्वी चांदीची पेनीच कापून चार तुकडे करत. तेराव्या शतकात इंग्लंडच्या राजा पहिल्या एडवर्डने फार्दिंग नियमित पाडायला घेतलं. तेही चांदीचं, इतकं चिमुकलं की हरवायलाच पाडलं असावं! राजाच्या टांकसाळीतलं पहिलं तांब्याचं फार्दिंग १६७२चं.

आपल्या हिशोबात सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुपया १६ पेन्सचा होता. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे जुने पैसे चार. म्हणजे आणा बरोबर पेनी, आणि पैसा बरोबर फार्दिंग. १९२७मध्ये रुपया १८ पेन्सचा केला, त्यामुळे आजोबांचं फार्दिंग पैशाहून जरा कमीच.

लेस्टरकर_मावशी
इथले इंग्लंडातले म्हातारे शेजारी सांगतात, कापडवाले एक शिलिंग (म्हणजे बारा पेन्स) अकरा पेन्स तीन फार्दिंग असा भाव लावायचे. आपल्या बाटाच्या ९९.९५ सारखं! सुटं फार्दिंग नसलं की टाचण्यांचा कागद हातात द्यायचे. १९५६ नंतर फार्दिंग पाडलं नाही आणि १९६०च्या अखेरीस चलनातूनच गेलं. महागाईत त्याला विचारतो कोण?

सागर_दापोली
धन्यवाद! राजाच्या डोक्याभोवती शेवटी IND IMP कोरलंय, ते काय? आणि चिंचेने घासू का?

नाणीवाले_काका
हिंदुस्थानचा सम्राट. १९४९पासूनच्या नाण्यांवर ते नाही, कारण तोवर आपण सुटलो होतो. घासू मात्र नका. चिंच नको, पितांबरी तर मुळीच नको. काळपटपणा गेला की संग्राहक हातही लावत नाहीत. कोरड्या कागदात गुंडाळा, आणि कडेने धरा.