एकाच चित्रापुढे तासभर: रसिकता की मिरवणे?

रेघोटी: ‘एका चित्रापुढे तासभर बसता येत नसेल, तर संग्रहालयात येऊच नका,’ असे काल येथे बिनचौकट यांनी ठणकावले, ते वाचून गप्प बसवेना. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील पाहणीत, जी २००१ साली प्रसिद्ध झाली, प्रेक्षक एका चित्रापुढे सरासरी २७ सेकंद थांबत असल्याचे आढळले. तो आकडा दाखवून लोकांना लाजवण्याची आता टूमच निघाली आहे.

बिनचौकट: लाज वाटत असेल, तर ती आपली आहे. कला-इतिहासकार जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एका कलाकृतीपुढे तीन तास बसवतात. अमेरिकी चित्रकार कॉप्लीने १७६५ साली रंगवलेल्या, खार पाळलेल्या मुलाच्या चित्रात मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरील केसांच्या कडेशी जुळतो, हे लक्षात यायला स्वतः रॉबर्ट्स यांनाही नऊ मिनिटे लागली. २७ सेकंदांत आपल्याला खार तरी दिसेल का?

रेघोटी: खार दिसेल आणि तेवढी मला पुरेल. नवव्या मिनिटाला दिसलेले साम्य चित्रकाराने योजले होते की कंटाळलेल्या डोळ्यांनी रचले, हे कोण ठरवणार? चित्रकार होल्बाइनच्या १५३३ सालच्या ‘राजदूत’ चित्रातील मुद्दाम ताणून रंगवलेली कवटी तर समोर कितीही वेळ बसलात तरी वेडीवाकडीच राहते. उजवीकडे सरकून तिरपे पाहिले, तरच ती नीट दिसते. तेथे तुमच्या बैठकीचा काय उपयोग?

टाचदुखी: आपण दोघेही बसण्यावरून भांडत आहात, पण बसायचे कशावर? माझे वडील काठी घेऊन चालतात. एका मोठ्या संग्रहालयात चौदा दालनांत मिळून दोन बाक होते, आणि वडील जमिनीवर टेकले तेव्हा रखवालदाराने त्यांना उठवले.

बिनचौकट: ही तक्रारवही नव्हे. विषय पाहण्याचा आहे.

टाचदुखी: ज्यांचे गुडघे शाबूत आहेत, त्यांनाच असा विषय परवडतो! तासभर पाहा म्हणणाऱ्यांनी आधी बाकांसाठी भांडावे.

रेघोटी: काही संग्रहालये घडीची स्टुले देतात, पण ती मागावी लागतात आणि मागता येतात हे कोणी सांगत नाही. येथे मी टाचदुखी यांच्या बाजूने आहे.

बिनचौकट: बरे, बाक हवेत, मान्य, आता त्यांवर बसून मोबाइल पाहणाऱ्यांची नावेही मीच टिपून घेतो. वडिलांनी शेवटी काही पाहिले की नाही?

टाचदुखी: पाहिले. बाकासमोर फुलदाणीचे एक सुमार चित्र टांगलेले होते. चाळीस मिनिटांनी ते म्हणाले, उजेड डावीकडून येतो आणि सावलीही डावीकडेच पडली आहे, चित्रकार चुकला.

बिनचौकट: म्हणजे बसल्यामुळेच दिसले ना!

टाचदुखी: बाक होता म्हणून.